पत्री लपवू नका : क्रांतिसिंहांची जयंती करणाऱ्या मंडळांना खुले पत्र

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत दर ३ ऑगस्टला क्रांतिसिंह नाना पाटलांची जयंती करणारी मंडळं, समित्या, तालमी, वाचनालयं आणि त्यांचे पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, मागे एका मंडळाने जयंतीनिमित्त स्मरणिका काढायची ठरवली आणि माझ्याकडे लेख मागितला. मी दिला. आठ दिवसांनी त्यांचा एक कार्यकर्ता घरी आला. चहा घेतला, पावसापाण्याचं बोलला, आणि उंबऱ्यात चपला घालता घालता म्हणाला, "सर, लेख एक नंबर झालाय. फक्त ते पत्रीचं तेवढं काढता आलं तर बघा. शाळेची पोरं वाचतात. नानांच्या नावाला उगं बट्टा नको." मी काढलं नाही, त्यांनी लेख छापला नाही. त्या पोराचा मला राग नाही, तो निरोप घेऊन आला होता. पण निरोप देणारे कोण, हे शोधायला मला गावाबाहेर जावं लागलं नाही. तुम्ही सगळेच थोडेफार तेच करता. म्हणून हे पत्र कुणा एका मंडळाला न लिहिता सगळ्यांना लिहितोय.

तुमचे फ्लेक्स मी दरवर्षी बघतो. नानांच्या मागे डरकाळी फोडणारा सिंह, बाजूला ज्वाळा, खाली घोडेस्वार. कोपऱ्यात आमदार, सभापती आणि वाढदिवसवाला. मजकुरात 'प्रतिसरकारचे प्रणेते', म्हणजे १९४३ ते ४६ आपल्या खेड्यांत इंग्रजांना डावलून जे समांतर सरकार चाललं त्याचे. त्याच सरकारचं गावातलं नाव 'पत्रीसरकार', तो शब्द कुठेच नाही. माझ्या लहानपणी 'प्रतिसरकार' हा शब्द मी गावात कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. म्हातारी माणसं म्हणायची, "पत्रीच्या साली अमक्याचं लगीन झालं", "पत्रीत तमक्याची पाटीलकी गेली". काळ मोजायचं माप होतं ते. ते माप तुम्ही मोडीत काढलंत.

पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो. खडीच्या रस्त्यावर गाडी ओढणाऱ्या बैलाच्या खुरांना लोखंडी पत्र्या मारतात. पूर्वी बाजाराच्या दिवशी पत्र्या मारणारा चिंचेखाली बसायचा. बैलाला दोर टाकून आडवा पाडायचा, चारी पाय एकत्र आवळायचे आणि मग ठोकाठोकी. पत्रीसरकारच्या काळात गुन्हेगाराला तसंच पालथं पाडून, पाय आवळून धरून तळव्यांवर काठ्या मारत. ज्यांनी बैल पाहिलेला, त्यांना दुसरं नाव सुचलंच नसतं. पुढे अफवा उठली की हे लोक माणसांच्या पायाला खरोखरच खिळे ठोकतात. ती इंग्रजांच्या सोयीची होती, आणि खरं सांगायचं तर पत्रीवाल्यांच्याही सोयीची होती. धाक आपोआप वाढत होता. विद्वान म्हणतात 'पत्री' हा 'प्रति'चा अपभ्रंश. असेल. पण गावाला कळण्यासाठी त्या अपभ्रंशाची गरज नव्हती.

आता माझ्या घरातलं. आजोबांचे थोरले भाऊ, त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. तात्यांना पत्री बसली होती.

सुगी होऊन गेली होती. रात्री घोंगडी पांघरलेली चार-पाच माणसं आली, नाव घेऊन हाक मारली आणि तात्यांना ओढ्याच्या अंगाला घेऊन गेली. पहाटे ते कोपरांवर सरपटत परत आले. आज्जीनं रुईची पानं तव्यावर गरम करून तळव्यांना बांधली, वर हळद-तेलाच्या चिंध्या. दीड महिना त्यांना परसाकडेला पाठुंगळी न्यावं लागायचं. बरे झाले, पण टाच कधी नीट टेकली नाही. मी पाहिले ते म्हातारे तात्या चवड्यांवर, हातात बाभळीची काठी घेऊन, तापल्या फरशीवरनं चालल्यासारखे चालायचे. आम्ही पोरं त्यांची नक्कल करायचो आणि मार खायचो.

आरोप होता खबरेगिरीचा. भूमिगतांना भाकरी कुठल्या घरातनं जातात हे फौजदाराला सांगितलं, असा. घरात याच्या दोन गोष्टी सांगितल्या जात. आजोबांची गोष्ट अशी की तात्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. शेजाऱ्याशी बांधाचं भांडण होतं, शेजाऱ्याचा भाचा भूमिगतांच्या दलात होता, बाकी समजून घ्या. दुसरी गोष्ट आज्जीची. ती तिनं आजोबा गेल्यावर सांगितली, तीही एकदाच, शेंगा फोडताना. फौजदारानं आजोबांना चावडीत बांधून घातलं होतं. त्यांना सोडवायला तात्या गेले, ते तोंड उघडूनच परत आले. यातलं खरं कुठलं, हे ठरवायच्या भानगडीत मी पडलो नाही. दोन्ही खरं असायलाही हरकत नाही.

पण गोष्ट इथं संपली असती तर मी हे पत्र लिहिलं नसतं. आमचा ओढ्याकडचा दोन एकराचा तुकडा सावकाराकडे गहाण होता. पैसे फिटून कैक वर्षं झाली तरी तो कागद सोडत नव्हता. पत्रीवाल्यांच्या न्यायदान मंडळाने त्याला गावासमोर बसवलं आणि गहाणखत परत करायला लावलं. तात्यांच्या तळव्यांवर काठ्या पडल्या त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. माणसं बहुतेक तीच. म्हणजे ज्या हातांनी आमचं रान सोडवलं, त्याच हातांनी आमचा माणूस अधू केला. तुमच्या स्मरणिकेत यातला पहिला अर्धा छापायला तुम्ही आनंदाने तयार होता. दुसरा अर्धा बट्टा ठरला.

पत्री समजायची तर त्याआधीचं वर्ष समजून घ्यावं लागतं. ते तुमच्या भाषणांत 'बेचाळीसचा वणवा' या दोन शब्दांत उरकतं. १९४२ च्या सप्टेंबरात आपल्याकडे मोर्चे निघाले. ३ तारखेला तासगावच्या कचेरीवर तिरंगा लागला, रक्त सांडलं नाही. ९ तारखेला वडूजला लोक तसेच, झेंडा घेऊन गेले आणि गोळीबार झाला. परशुराम घार्गे आणि त्यांचे सोबती गेले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला पुन्हा गोळ्या. तिथं किर्लोस्करवाडीचे इंजिनिअर उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे पडले. हातात काठीसुद्धा न घेता कचेरीवर चालत जाणाऱ्यांना काय मिळतं, हे चार-आठ दिवसांत सगळ्या जिल्ह्याने पाहिलं. नाना तोवर गांधींच्या मार्गाने चाललेला माणूस. येडेमच्छिंद्रचा, १९०० सालचा जन्म. सरकारी तलाठी होता आणि १९३० च्या कायदेभंगात नोकरीवर लाथ मारून बाहेर पडला होता. त्याही आधीचे सत्यशोधकी संस्कार अंगात मुरलेले. असा माणूस १९४३ पासून काठीच्या राज्याचा प्रमुख का झाला, याचं उत्तर वडूज-इस्लामपुरात आहे. ते उत्तर पटतं का, हा पुढचा प्रश्न. तो पोरांना विचारू तरी द्या.

कुंडलबद्दलही एक सांगायचं राहून जातं. तुम्ही त्याला 'प्रतिसरकारची राजधानी' म्हणता, पण कुंडल औंध संस्थानात होतं हे कुणी बोलत नाही. चहूकडे इंग्रजी मुलूख आणि मधेच संस्थानी बेट. इंग्रजांच्या पोलिसांना तिथं घुसताना दहा वेळा विचार करावा लागे. शिवाय औंधच्या राजानं १९३८-३९ पासून गावपंचायतींकडे कारभार सोपवायचा प्रयोग गांधींच्या सल्ल्यानं चालवला होता. 'आपुला आपण करू कारभार' ही घोषणा आकाशातून पडली नाही. तिला जमीन होती, आणि त्या जमिनीवर राजाचं नाव होतं. राजाच्या आडोशानं क्रांती वाढली हे फ्लेक्सवर शोभत नसेल, मला मात्र यातच मजा वाटते.

कारभार म्हणजे काय काय होतं? गावोगाव न्यायदान मंडळं बसत. बांधाची, वाटणीची, नांदवण्याची भांडणं तिथं मिटत. कोर्टाची पायरी आणि वकिलाचं बिल दोन्ही वाचत. दारूच्या भट्ट्या मोडल्या. भूमिगतांच्या नावावर दरोडे घालणाऱ्या टोळ्यांचा बंदोबस्त केला. हुंडा नाही, मानपान नाही, सुताच्या हाराचं लग्न : त्याला लोक गांधी विवाह म्हणत. कुंडलला नानांचे सहकारी जी. डी. बापू लाड यांचं १९४५ साली असंच लग्न झालं, आणि वॉरंट असलेली माणसं हजारोंच्या गर्दीत येऊन अक्षता टाकून गेली. पैसा कुठून आला तर शेणोलीजवळ ७ जून १९४३ ला पगाराची रेल्वे अडवली. १४ एप्रिल १९४४ ला तिकडे धुळ्याकडे, चिमठाण्याजवळ, सरकारी खजिना पळवला, साडेपाच लाखांच्या घरातला. शेणोलीची रेल्वे अडवणाऱ्या कॅप्टन भाऊ लाडांसमोर 'लूट' म्हटलेलं त्यांना शेवटपर्यंत चाललं नाही. इंग्रजांनी आमचं नेलेलं आम्ही परत आणलं, हे त्यांचं म्हणणं. ते २०२२ मध्ये गेले. अशी माणसं परवापरवापर्यंत हयात होती आणि आपण त्यांना स्टेजवर बोलावून शाल-श्रीफळ देऊन खाली बसवत होतो. माईक आमदाराकडे.

बायकांचं तर विचारूच नका. नानांच्या लेकीची, हौसाताईंची, गोष्ट बघा. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर एका सहकाऱ्यानं नवरा असल्याचं सोंग घेऊन त्यांना मारायला सुरुवात केली. पोलीस सोडवायला बाहेर धावले, तोवर मागून बंदुका पळवल्या गेल्या. सोंगात त्यानं खरंच जोरात मारलं म्हणून हौसाताई त्याच्यावर चिडलेल्या होत्या आणि म्हातारपणीही ते सांगायच्या. गोव्याच्या तुरुंगातून सहकाऱ्याला सोडवून येताना त्या मांडवी नदी लाकडी पेटीला धरून पार झाल्या. मला त्या ठाण्यासमोरच्या प्रसंगाचं फार वाटतं. बायकोला रस्त्यात बडवणारा नवरा ही इतकी रोजची गोष्ट होती की पोलिसांना संशयच आला नाही. आणि दुसरीकडे बायकोला टाकून देणाऱ्याला हेच पत्रीसरकार तळव्यांवर मोजून काठ्या देत होतं. अशा काठीला वाईट म्हणताना माझी जीभ अडखळते. तात्यांचे पाय आठवले की ती पुन्हा सुटते.

कारण त्या न्यायाला वरचं कोर्ट नव्हतं. साक्षीदार कोण, त्याचं आरोपीशी वैर आहे का, हे तपासायला रात्र एकच असायची आणि पहाटेच्या आत दलाला पुढचं गाव गाठायचं असायचं. चुका झाल्या. काही हिशेब बांधाचे होते, ते देशाच्या नावावर चुकते झाले. क्वचित माणसं जिवानिशीही गेली. हे म्हटल्यानं नाना लहान होत नाहीत. १९४४ च्या जुलैत गांधीजी पाचगणीत होते, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. तिथून त्यांनी भूमिगतांना उघड व्हायला सांगितलं. देशभर बरेच जण झाले. आपल्याकडचे बहुतेक झाले नाहीत आणि नाना १९४६ साली, मुंबईत काँग्रेसचं मंत्रिमंडळ आल्यावर बाहेर पडले. खादी अंगावर, गांधींचं नाव ओठांवर, आणि गांधींचा शब्द मात्र बाजूला. हा तिढा त्या वेळी त्या लोकांनाही छळत होता. आपण मात्र तो सोडवून टाकलाय, दोघांच्या तसबिरी शेजारी शेजारी लावून.

त्या शेवटच्या काळात, १९४६ च्या फेब्रुवारीत, मणदूरला किसन अहीर आणि नानकसिंग हे पत्रीसरकारचे सैनिक पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. स्वातंत्र्य दीड वर्षावर आलेलं. किसन अहिरांचं नाव वाळव्याच्या साखर कारखान्याला आहे म्हणून आपल्याला माहीत तरी आहे. नानकसिंग हा शीख तरुण इतक्या लांब आपल्या डोंगरात कसा आला आणि का मेला, यावर एकदा व्याख्यान ठेवा की. घोडेस्वारांपेक्षा ते जास्त लोक ऐकतील.

आता तुमच्या कार्यक्रमपत्रिकेतलं सगळ्यात मोठं भोक. तुमचे नाना १९४७ ला संपतात. मग एकदम १९७६ च्या डिसेंबरात, ६ तारखेला, मिरजेत वारतात आणि वाळव्यात त्यांना अग्नी दिला जातो. मधली एकोणतीस वर्षं गेली कुठे? ती अडचणीची आहेत म्हणून गेली. नाना काँग्रेसमध्ये राहिले नाहीत. शेतकरी कामगार पक्षात गेले, मग कम्युनिस्ट पक्षात. १९५५ ला डहाणूच्या अधिवेशनात किसान सभेचे अध्यक्ष झाले. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत उत्तर साताऱ्यातून लोकसभेवर गेले, १९६७ ला थेट बीडमधून. दोन्ही वेळा विळा-कणसावर. बीडचा शेतकरी साताऱ्याच्या म्हाताऱ्याला मत देतो यात त्या माणसाचं मोठेपण दिसतं, पण बीडचं नाव तुमच्या एका तरी भाषणात आलंय का?

आणि गंमत अशी की ज्या कम्युनिस्ट पक्षानं १९४२ ला 'छोडो भारत'ला विरोध केला, लढाईला लोकयुद्ध म्हटलं, त्याच पक्षात बेचाळीसचा हा सिंह जाऊन बसला. काँग्रेसवाल्यांना ते पचलं नाही, म्हणून त्यांनी नाना १९४७ ला थांबवले. लाल बावटेवाल्यांना बेचाळीसची चर्चा नको, म्हणून ते नानांना १९५० नंतर सुरू करतात. त्याच मातीतले यशवंतराव मुख्यमंत्री झाले, किसन वीर काँग्रेसमध्ये राहिले, नागनाथअण्णा नायकवडींनी आणि जी. डी. बापूंनी आपापली वाट धरली. एका घोंगडीखाली झोपलेली माणसं १९५७ ला समोरासमोरच्या मंचांवर उभी होती. प्रत्येकाच्या वारसदारानं आपल्या मापाचा नाना कापून घेतलाय. उरलेल्या चिंध्या आमच्यासारख्यांच्या घरात पडून आहेत.

त्याच १९५७ च्या धामधुमीत तात्या नानांची सभा ऐकायला गेले होते. तालुक्याच्या गावी, बैलगाडीत, मांडीवर काठी घेऊन. घरात भांडण झालं. आजोबा म्हणाले, ज्यांनी तुमचे पाय मोडले त्यांचं भाषण ऐकायला निघालात, लाज वाटत नाही? तात्या काही बोलले नाहीत, गेले. रात्री उशिरा आले ते हसतच. नानांनी सभेत काही तरी चेष्टा केली होती, शेतकऱ्याच्या भाषेत, ती ते आठवडाभर सांगत होते आणि प्रत्येक वेळी स्वतःच आधी हसत होते. मत कुणाला दिलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आज्जीनं एकदा विचारलं तर म्हणाले, "त्या माणसाला माझं नाव बी ठावं नसंल. आन् रान त्यानंच सोडवलं न्हवं?" मग काठी उचलून ओढ्याकडं गेले. त्यांनी माफ केलं होतं, असं मी म्हणणार नाही. शेजाऱ्याच्या दारात ते मरेपर्यंत गेले नाहीत.

माझं मागणं फार नाही. यंदाच्या पत्रिकेत 'पत्रीसरकार' हा शब्द छापा, अवतरणचिन्हं न घालता. गावांचे आकडे फुगवू नका. कुणी शे-दीडशे गावं म्हणतो, कुणी सहाशे, तुमच्या मागच्या निवेदकानं दीड हजार केली. दीडशे गावांत इंग्रजांच्या नाकावर टिच्चून तीन वर्षं कारभार करणं कमी आहे का? ज्या घरांनी भूमिगतांना भाकरी पुरवल्या त्यांचा सत्कार करता, चांगलं करता. एकदा ज्या घरांत पत्री बसली त्यांनाही बोलवा. येणार नाहीत म्हणाल तर आम्ही तरी येऊ. आणि न्यायदान मंडळांच्या निवाड्यांचे कागद कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या ट्रंकेत असतील तर वाळवी लागायच्या आत बाहेर काढा. सिंहाच्या फ्लेक्सचा एका वर्षाचा खर्च त्यांच्या झेरॉक्सला पुरेल.

राहिली ती काठी. तात्यांची ती बाभळीची काठी माझ्याकडे आहे, मूठ झिजून गुळगुळीत झालेली. तुमच्यापैकी काहींनी नानांच्या काळातल्या वस्तूंचं प्रदर्शन भरवायचं ठरवलंय असं कानावर आलं. तलवारी, भाले, एखादी ठासणीची बंदूक मांडाल. त्यात ही ठेवायला मी द्यायला तयार आहे. अट एकच, खालची चिठ्ठी मी लिहीन. एकीकडं गहाणखताची तारीख आणि दुसरीकडं पत्रीची, बाकी काही लिहिणार नाही.

ऑगस्टात पाऊस असतो, मंडप नीट घाला. मला खुर्ची मागच्या रांगेत चालेल.

आपला,
तात्यांचा नातू